रस्ता व्हावाच, पण विहीर, नाला आणि कब्रस्तान सांभाळून: कळवण तालुक्यात ग्रामीण रस्त्याच्या कामावर नजर कशी ठेवायची?

कळवण तालुक्यात रस्त्याची किंमत कोणाला सांगावी लागत नाही. दळवट, जयदर, कनाशीकडच्या पाड्यांवरून बाळंतिणीला अभोण्याला किंवा कळवणच्या दवाखान्यात आणायचं असो, कांदा मार्केटला न्यायचा असो, की आठवडे बाजाराला माल पोचवायचा असो, रस्ता धड नसेल तर सगळंच अडतं. आपल्या समाजातली अनेक घरं मालवाहतूक, गॅरेज, बाजारातली दुकानं यांवर चालतात. त्यामुळे गावात जेसीबी आला की आपल्याला आनंदच होतो, आणि व्हायलाही पाहिजे.

पण तोच जेसीबी वाहता नाला बुजवून गेला तर? मुरमासाठी खणलेला खड्डा तसाच राहिला तर? रस्त्याची उंची दोन फूट वाढली आणि पावसाचं पाणी कब्रस्तानात शिरायला लागलं तर? डांबर पडल्यावर या गोष्टी दुरुस्त करणं फार अवघड जातं. ठेकेदाराची मशीन दुसऱ्या गावाला गेलेली असते, बिल निघालेलं असतं, आणि आपण पुढची पाच-दहा वर्षं तक्रारी करत बसतो.

ग्रामीण रस्त्याच्या कामात माती, पाणी, झाडं आणि माणसं सांभाळण्याच्या अटी लिहिलेल्या असतात. अनेक कामांत त्या ठेकेदाराच्या करारातच असतात. त्या पाळल्या जातात की नाही हे पाहायला दर महिन्याला साहेब येतीलच असं नाही, गावातली माणसं मात्र रोज तिथूनच जातात. म्हणून या लेखात आम्ही काय पाहायचं, कधी पाहायचं आणि कोणाला सांगायचं ते क्रमाने मांडत आहोत. लेख जपून ठेवा, जमातीच्या आणि ग्रामपंचायतीच्या लोकांना दाखवा.

आधी ओळखा: रस्ता कोणाचा आहे?

तक्रार चुकीच्या टेबलावर गेली की महिने वाया जातात. म्हणून पहिलं काम म्हणजे कामाचा फलक वाचणं. ग्रामीण भागात साधारण या योजनांमधून रस्ते होतात:

- प्रधानमंत्री ग्रामसडक योजना. 25 डिसेंबर 2000 ला सुरू झाली. सपाट भागात 500 आणि डोंगरी, आदिवासी भागात 250 लोकवस्तीची गावं-पाडे बारमाही रस्त्याने जोडणं हा तिचा मूळ उद्देश. आपला तालुका अनुसूचित क्षेत्रात असल्याने इथे 250 चा निकष लागू झाला.
- मुख्यमंत्री ग्रामसडक योजना. राज्य सरकारची, 2015 पासूनची.
- आशियाई विकास बँकेच्या कर्जातून होणारे रस्ते. ऑगस्ट 2019 मध्ये केंद्र सरकार आणि बँकेत 20 कोटी डॉलरचा करार झाला. राज्यातल्या 34 जिल्ह्यांतले सुमारे 2,100 किलोमीटर ग्रामीण रस्ते सुधारायचे ठरले. 2021 मध्ये आणखी 30 कोटी डॉलरची भर पडली. महाराष्ट्र ग्रामीण रस्ते विकास संस्था हे काम पाहते.
- इतर. जिल्हा परिषद, सार्वजनिक बांधकाम विभाग, आदिवासी विकास विभागाच्या वस्ती सुधारणा योजना, आणि 2021 पासूनची मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना.

पर्यावरणाच्या अटी सगळ्यात स्पष्ट लिहिलेल्या असतात त्या प्रधानमंत्री योजनेत आणि बँकेच्या कर्जातल्या रस्त्यांत. प्रधानमंत्री योजनेसाठी ग्रामीण रस्त्यांची एक पर्यावरण आचारसंहिता आहे. बँकेच्या कामात पर्यावरण व्यवस्थापन आराखडा करारालाच जोडलेला असतो, आणि देखरेखीचे अहवाल ठरावीक काळाने तयार करून जाहीर करावे लागतात. बाकी योजनांत असा वेगळा आराखडा नसला तरी गौण खनिज, झाडतोड, वनजमीन आणि प्रदूषण यांचे कायदे सगळ्यांना सारखेच लागू असतात. "ही छोटी योजना आहे, इथे नियम नाहीत" असं कोणी म्हटलं तर ते खरं मानू नका.

पहिला टप्पा: काम सुरू होण्याआधी

प्रधानमंत्री योजनेत अंदाजपत्रक पक्कं करण्याआधी अभियंत्याने गावकऱ्यांसोबत रस्त्याच्या रेषेवरून पायी फिरायचं असतं. कागदावर याला 'ट्रान्सेक्ट वॉक' म्हणतात. सरपंच, तलाठी, वनजमीन असेल तर वनरक्षक, आणि ज्यांची शेतं-घरं रस्त्याला लागून आहेत ते लोक यात असावेत. बँकेच्या कर्जातल्या कामांतही गावकऱ्यांशी असाच सल्लामसलतीचा टप्पा असतो.

ही फेरी म्हणजे आपली सगळ्यात मोठी संधी. कारण या वेळी बदल कागदावर होतो, खर्च फारसा वाढत नाही. फेरीत या गोष्टी बोट दाखवून सांगा आणि नोंदवायला लावा:

- पावसाळ्यात पाणी कुठून कुठे वाहतं. नकाशावर न दिसणारे ओहोळ गावच्या बुजुर्गांना माहीत असतात. जिथे पाणी ओलांडतं तिथे मोरी हवी.
- रेषेजवळची विहीर, बोअर, हातपंप, पाइपलाइन.
- मोठी झाडं: आंबा, चिंच, मोह, जांभूळ.
- कब्रस्तान, ईदगाह, मस्जिद, मंदिर, देवस्थान, स्मशानभूमी, शाळा, अंगणवाडी, मदरसा.

एक गोष्ट आपल्या भगिनींसाठी. पाणी कुठून आणावं लागतं, मुलं कोणत्या कडेने शाळेत जातात हे बायकांना जास्त माहीत असतं. फेरीला त्यांनीही यावं. वेळ अडचणीची असेल तर वेगळी बैठक मागा.

कब्रस्तानाची जमीन: तोंडी "हो" म्हणू नका

प्रधानमंत्री ग्रामसडक योजनेत केंद्राकडून जमीन खरेदीसाठी पैसे मिळत नाहीत. रस्ता रुंद करायला लागणारी पट्टी बहुतेक वेळा शेतकरी स्वखुशीने देतात. हे चांगलंच आहे. शेतकऱ्याने मात्र किती फूट जमीन दिली, ते लेखी घ्यावं.

वक्फ जमिनीचं तसं नाही. कब्रस्तान किंवा मस्जिदीची जमीन वक्फ असेल तर मुतवल्लीला किंवा ट्रस्टच्या अध्यक्षांना ती दान देण्याचा अधिकारच नसतो. वक्फ कायदा 1995 च्या कलम 51 मध्ये 2013 साली दुरुस्ती झाली, आणि वक्फ मिळकतीची विक्री, बक्षीस, अदलाबदल, गहाण किंवा हस्तांतर मुळापासून रद्द ठरवलं गेलं. सरकारला सार्वजनिक कामासाठी अशी जमीन हवीच असेल तर भूसंपादनाची रीतसर प्रक्रिया आहे, आणि त्यात वक्फ बोर्डाला नोटीस जावी लागते. महाराष्ट्र राज्य वक्फ बोर्डाचं मुख्यालय छत्रपती संभाजीनगरला आहे.

म्हणून तीन कामं आजच करा. कब्रस्तानाचा सातबारा किंवा मिळकत पत्रिका काढा. इतर हक्कात काय नोंद आहे ते बघा. भूमी अभिलेख कार्यालयाकडे मोजणीचा अर्ज करा. अनेक गावांत कब्रस्तान गावठाणात किंवा सरकारी जमिनीवर असतं, तिथे प्रक्रिया वेगळी असते. पण हद्द माहीत नसेल तर कोणताच कायदा उपयोगाला येत नाही. गावात "देऊन टाका दोन फूट" असा आग्रह झाला तर शांतपणे सांगा की आमची मर्जी नसल्याचा हा प्रश्न नाही, हा अधिकार कायद्याने आम्हाला नाहीच.

दुसरा टप्पा: काम चालू असताना

हा टप्पा काही महिन्यांचा असतो. रोज थोडं थोडं बघायचं.

1. वरची सुपीक माती. रस्ता रुंद करताना किंवा मुरूम काढताना वरची साधारण 15 सेंटिमीटर माती वेगळी काढून ठेवायची असते. ढीग दोन मीटरपेक्षा उंच नको. काम झाल्यावर तीच माती साइडच्या उतारावर, झाडांच्या खड्ड्यांत किंवा खणलेल्या जागेवर परत पसरायची. शेतकरी जाणतो, ही वीतभर माती तयार व्हायला पिढ्या जातात. ती भरावाखाली गाडली गेली तर परत मिळत नाही.

2. मुरमाचा खड्डा. सगळ्यात जास्त गडबड इथे होते. शेतकऱ्याने "घ्या मुरूम" म्हटलं म्हणून मुरूम काढता येत नाही. महसूल विभागाची गौण खनिजाची परवानगी लागते, स्वामित्वधन भरावं लागतं. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम 48 नुसार बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. अनुसूचित क्षेत्रात गौण खनिजाच्या खाणपट्ट्यासाठी 1996 च्या पेसा कायद्याने ग्रामसभेची किंवा योग्य पातळीवरच्या पंचायतीची आधी शिफारस लागते. आणखी एक मोठा निकाल लक्षात ठेवा. रस्त्यासारख्या कामांसाठी साधी माती काढायला मार्च 2020 मध्ये केंद्राने पर्यावरण मंजुरीतून सरसकट सूट दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने 21 मार्च 2024 ला ती रद्द केली.

खड्डा वस्तीपासून 800 मीटरच्या आत शक्यतो नको. घ्यावाच लागला तर तो 30 सेंटिमीटरपेक्षा खोल नको आणि त्यातलं पाणी वाहून जायला वाट हवी. उभ्या कडेचा, पाण्याने भरलेला खड्डा म्हणजे मुलांना, गुरांना धोका आणि डासांचं घर. शेतकऱ्याला त्याचं शेततळं करून हवं असेल तर ते आधी लेखी ठरवावं. बुलढाणा जिल्ह्यात तलाव-नाल्यांचं खोलीकरण करून निघालेली माती महामार्गाला वापरली, त्यामुळे रस्ताही झाला आणि पाणीही साठलं. हा 'बुलढाणा पॅटर्न' देशात गाजला. आपल्या ग्रामसभेलाही असं सुचवता येतं.

3. नाला आणि मोरी. कळवणच्या पश्चिम डोंगराकडे पाऊस जोराचा असतो. तिथून उतरणारं पाणी ओहोळ-नाल्यांतून गिरणा आणि पुनद या नद्यांना मिळतं, चणकापूर आणि पुनद धरणांत साठतं, आणि खालच्या शेतीला जातं. त्यामुळे वर नाल्यात टाकलेला भराव म्हणजे खाली पूर किंवा गाळ. मोरीचं काम चालू असताना नाल्याला तात्पुरती वाट दिली आहे का, काम संपल्यावर पात्रातला राडारोडा काढला का, आणि नकाशात दाखवलेल्या सगळ्या मोऱ्या खरंच झाल्या का हे मोजा. ह्यूम पाइप बाहेरच्या नाल्याच्या तळाशी जुळला पाहिजे. पाइप वर आणि नाला खाली, किंवा उलट, असं असेल तर ती मोरी फक्त कागदावरच मोरी आहे.

गावातून जाणारा रस्ता सिमेंटचा होतो तेव्हा बाजूची गटारही अंदाजपत्रकात असते. तिचा शेवट कुठे होतो ते विचारा. शेवट कब्रस्तानाच्या भिंतीपाशी किंवा कोणाच्या ओट्यापाशी होत असेल तर सिमेंट पडण्याआधी लेखी हरकत द्या.

4. कामासाठीचं पाणी. दबाई, शिंपडणी, सिमेंटची पाणीमुरवणी यांना भरपूर पाणी लागतं. एप्रिल-मे मध्ये गावची विहीर आधीच तळ गाठत असते. खासगी विहिरीतून पाणी घ्यायचं तर मालकाची लेखी संमती, सार्वजनिक विहिरीतून घ्यायचं तर ग्रामपंचायतीची परवानगी हवी. पिण्याच्या पाण्यावर ताण येणार असेल तर ठेकेदाराने दुसरीकडून टँकर आणायचा.

5. झाडं आणि वन. झाड तोडायला लेखी परवानगी लागते, महाराष्ट्रात यासाठी 1964 पासून कायदा आहे. तोडलेल्यांच्या बदल्यात लावायची झाडं कुठे आणि किती, हे विचारा. वनजमिनीतून रस्ता जात असेल तर वनहक्क कायदा 2006 च्या कलम 3(2) ची सोय आहे: एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन, हेक्टरी 75 पेक्षा जास्त झाडं तुटणार नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस. म्हणजे वनजमीन आली की रस्ता अडतोच असं नाही, पण ग्रामसभेला वगळून पुढेही जाता येत नाही. डांबर तापवायला किंवा मजुरांच्या चुलीला जंगलातलं लाकूड वापरणं आचारसंहितेत मना आहे. इंधन ठेकेदाराने द्यायचं.

6. धूळ, धूर, आवाज. खडी-मुरूम टाकल्यावर पाणी मारलं नाही तर धूळ घराघरात शिरते, दमेकऱ्यांचे हाल होतात, रस्त्याकडेचं पीक पांढरं पडतं. डंपरवर ताडपत्री हवी. क्रशर आणि हॉट मिक्स प्लांटला महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाची संमती लागते. रात्री 10 ते सकाळी 6 ही कायद्याने रात्र. निवासी भागात आवाजाची मर्यादा दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल आहे. शाळेची, नमाजाची, आरतीची वेळ ठेकेदाराला आधीच सांगितली तर बहुतेक वेळा गोडीनं जमतं.

7. मजूर. रस्त्यावर राबणारी माणसंही कोणाची तरी लेकरं आहेत. त्यांना पिण्याचं पाणी, शौचालय, हातमोजे-बूट, प्रथमोपचार मिळतो का? छावणी नाल्याच्या किंवा विहिरीच्या काठाला नको. लहान मुलं कामाला लावलेली दिसली तर गप्प बसू नका, 1098 वर फोन करा.

तिसरा टप्पा: काम संपल्यावर

प्रधानमंत्री योजनेत पुढची पाच वर्षं देखभाल त्याच ठेकेदाराकडे असते. म्हणून पहिल्या पावसात मोबाइल घेऊन रस्त्यावरून एक फेरी मारा. पाणी कुठे तुंबलं, साइडपट्टी कुठे वाहून गेली, कापलेला डोंगर कुठे सुटतोय, यांचे फोटो तारखेसह ठेवा. उरलेली खडी, डांबराचे बॅरल, छावणीचा कचरा उचलला का, मुरमाचे खड्डे बुजवले का, लावलेली झाडं जगली का, हेही पाहा. हे सगळं नीट झाल्याशिवाय 'काम पूर्ण' याला सरपंचांनी सही देऊ नये.

सांगायचं कोणाला आणि कसं?

पायरी चुकवू नका.

- आधी जागेवर. ठेकेदाराचा सुपरवायझर आणि कामाचा शाखा अभियंता. निम्मे प्रश्न इथेच मिटतात.
- मग लेखी. योजनेच्या कार्यकारी अभियंत्याला अर्ज, प्रत ग्रामपंचायतीला. मुरमाची तक्रार तहसीलदारांकडे, झाडं-वनजमीन असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाकडे, धूर-धुळीच्या प्लांटची प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे. अर्जाची पोच घ्या.
- मोबाइलवर. प्रधानमंत्री योजनेच्या रस्त्यासाठी 2015 पासून 'मेरी सडक' ॲप आहे. जागेवरून फोटो काढून तक्रार टाकता येते.
- निरीक्षकांना. या योजनेत तीन पातळ्यांवर तपासणी होते: अंमलबजावणी करणारं कार्यालय, राज्य गुणवत्ता निरीक्षक आणि राष्ट्रीय गुणवत्ता निरीक्षक. निरीक्षक गावात आले तर त्यांना रस्त्याबरोबर खड्डा आणि मोरीही दाखवा.
- बँकेच्या कर्जातला रस्ता असेल तर प्रकल्पातच तक्रार निवारण व्यवस्था असते. फलकावर संपर्क नसेल तर तो लावण्याची मागणी करा.
- माहिती अधिकार. 2005 च्या कायद्याखाली जोडपत्र 'अ' भरून 10 रुपयांचं कोर्ट फी तिकीट लावा. दारिद्र्यरेषेखालच्यांना फी नाही. उत्तर 30 दिवसांत यायला हवं.

माहिती अधिकारात मोघम विचारू नका. नेमके कागद मागा: मंजूर अंदाजपत्रक, मोऱ्यांची यादी आणि नकाशा, करारातला पर्यावरणाचा भाग, गौण खनिज परवाना, झाडतोडीची परवानगी, निरीक्षकांचे शेरे. मोऱ्यांची यादी हातात आली की मोजायला इंजिनिअर लागत नाही, शाळकरी मुलगाही मोजू शकतो.

अर्ज चार ओळींचा असला तरी चालतो. रस्त्याचं नाव, जागा, तारीख, काय दिसलं आणि काय व्हायला पाहिजे. "भ्रष्टाचार झाला" असं लिहिण्यापेक्षा "अमुक शेताजवळची मोरी यादीत आहे, जागेवर नाही" असं लिहा. अशा अर्जाला उत्तर देणं टाळता येत नाही.

दोन गोष्टी टाळा

पहिली: काम अडवू नका. दगड टाकून, मशीनसमोर उभं राहून भांडण वाढतं, मुद्दा बाजूला राहतो, आणि पाड्यावरच्या आजारी माणसाचा रस्ता आणखी एक वर्ष लांबतो. तक्रारीच्या बदल्यात कोणी पैसे मागत असेल तर त्याला जमातीने साथ देऊ नये. एका माणसाच्या अशा वागण्याने सगळ्यांच्या खऱ्या तक्रारी खोट्या ठरतात.

दुसरी: एकटे जाऊ नका, आणि फक्त आपल्या गोष्टीसाठी जाऊ नका. कब्रस्तानात शिरणारं पाणी शेजारच्या शेतातही शिरतं. बुजलेला नाला आदिवासी पाड्याची विहीरही आटवतो. अर्जावर सगळ्या समाजांच्या सह्या असल्या तर तो गावाचा अर्ज होतो. ग्रामसभेत ठराव करून पाच-सहा जणांची देखरेख समिती नेमा. त्यात दोन महिला असाव्यात, एखादा पाड्यावरचा तरुण असावा.

रस्त्यातला त्रास दूर करणं हे आपल्याकडे सदका मानलं जातं. ज्या रस्त्याने पुढची वीस वर्षं जनाजा जाणार आहे, वरात जाणार आहे आणि मुलं शाळेत जाणार आहेत, त्याची मोरी वेळेवर मोजणं हेही त्यातलंच काम आहे. गावात रस्त्याचं काम सुरू होणार असेल तर या आठवड्यातच फलक वाचून या आणि मोऱ्यांच्या यादीचा अर्ज टाका. डांबर पडेपर्यंत थांबू नका.